बुलेटची गंजलेली टाकी: गंज निघतो, पुढचा अर्धा तास सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1986 सालची बुलेट 350 कणकवलीजवळच्या घरी नऊ वर्षं पडवीत उभी होती. प्लग, पॉइंट, बॅटरी सगळं करून घेतलं. गाडी किकला सुरू होते, दोन किलोमीटर जाते आणि दम तोडते. कार्बोरेटर उघडला की बाउलमध्ये लाल चिखल. एक मेकॅनिक म्हणतो नवी टाकी टाका, दुसरा म्हणतो बाथरूमचं ॲसिड ओता आणि आत खडी घालून हलवा. काय करू?

दोन्हीही करू नका. मी तीस वर्षांहून जास्त काळ कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं काम करतोय. बुलेट, येझदी, राजदूत, चेतक, फियाट, सगळ्यांच्या टाक्या हातांखालून गेल्या आहेत. वडिलांच्या गाडीची मूळ टाकी जाड पत्र्याची असते आणि तिच्यावरच्या सोनेरी रेघा कारखान्यात माणसाने हाताने ओढलेल्या असतात. बाजारात मिळणाऱ्या नव्या टाक्यांचा पत्रा बहुतेक वेळा पातळ निघतो, कॉकचे, म्हणजे पेट्रोलच्या तोटीचे, आटे नीट बसत नाहीत. पत्रा आरपार खाल्लेला नसेल तर जुनी टाकी वाचवण्यातच शहाणपण आहे.

पण आधी एक खात्री करून घ्या. गाडी दोन किलोमीटरवर बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा आणि किक मारा. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू होऊन व्यवस्थित चालायला लागली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलेलं आहे. आत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. तुमच्याकडे लाल चिखल आहे म्हणजे गंज आहेच, पण मी अशा गाड्या पाहिल्या आहेत ज्यांत दोन्ही दुखणी एकत्र होती. टाकी साफ झाली, तरी गाडी बंदच पडत राहिली, आणि मालकाने दोष साफसफाईला दिला.

आता टाकीच्या तोंडातून आत बॅटरीचा, म्हणजे टॉर्चचा, उजेड मारा. साधी एलईडी बॅटरीच हवी. काडी, मेणबत्ती किंवा वायरीचा बल्ब टाकीच्या तोंडाजवळही नेऊ नका. मोबाइलला जोडायचा नळीसारखा कॅमेरा मिळतो, तो कुणाकडे असेल तर उत्तमच. गंज कुठे आहे ते नीट पाहा, कारण त्यावरून तो कसा आला ते कळतं. वरच्या छताला सारखा, बारीक, पिवळसर थर असेल तर तो हवेतल्या ओलीचा. रिकामी टाकी श्वास घेते. दिवसा पत्रा तापतो, हवा बाहेर जाते. रात्री गार होतो, पावसाळी दमट हवा आत येते आणि पत्र्यावर दव धरतं. कोकणातले चार महिने आणि नऊ वर्षं, म्हणजे किती वेळा हे झालं असेल याचा विचार करा. असा गंज दिसायला भीतीदायक पण वरवरचा असतो.

तळाशी, पत्र्याच्या जोडाच्या शिवणीजवळ, काळपट जाड पापुद्रे असतील तर मात्र पाणी साचलेलं होतं. झाकणाचं रबरी वायसर सुकून चिरलं की झाकणाभोवतीच्या खोलगटात साचलेलं पावसाचं पाणी झिरपतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं. बुलेटची टाकी फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिला दोन पोटं असतात आणि कॉक एकाच बाजूला असतो. ज्या पोटाला कॉक नाही तिथलं पाणी कधीच निघत नाही. भोक पडलं तर तिथेच पडतं. तिथे बोटाने बाहेरून दाबून पाहा. पत्रा कागदासारखा लवला तर पुढच्या कामाआधीच मनाची तयारी ठेवा की झाळकाम करावं लागेल.

येझदी किंवा चेतकसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या टाक्या वर्षानुवर्षं उभ्या राहूनही बऱ्या निघतात, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचा पापुद्रा पत्र्यावर राहतो. बुलेटला ते कवच नाही. त्यात आता पेट्रोलच बदललं आहे. आपल्याकडे 2003 मध्ये 5 टक्के इथेनॉलने सुरुवात झाली, फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर आलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून वेगळं होऊन तळाला बसतात. गाडी रोज चालत असेल तर फारसं बिघडत नाही. उभ्या गाडीला मात्र ते जुन्या पेट्रोलपेक्षा जास्त त्रास देतं. हे पुढे टाकी सांभाळताना लक्षात ठेवायचं आहे.

आता खडी आणि ॲसिडबद्दल. बाथरूमच्या ॲसिडने, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडने, गंज निघतो हे खरं आहे, आणि इतका झपाट्याने निघतो की माणूस खूश होतो. सुरुवातीच्या काळात मीही एका येझदीच्या टाकीत ते ओतलं होतं. तासाभरात आतून चांदीसारखी टाकी. धुतली, उपडी ठेवली, घरी गेलो. सकाळी आत नारिंगी गंज, आदल्या दिवशीपेक्षा जास्त. पुन्हा ॲसिड, पुन्हा तेच. दोन महिन्यांनी खालच्या शिवणीतून तीन ठिकाणी पेट्रोल झिरपायला लागलं. हे ॲसिड गंज आणि चांगलं लोखंड यांत भेद करत नाही, आणि त्यातला क्लोराइडचा अंश दुमडलेल्या शिवणीत अडकून राहिला की तो आतून खातच राहतो. त्या टाकीचं नुकसान मी भरून दिलं, पण मालकाच्या लग्नातली गाडी होती ती, आणि मूळ टाकी परत आणता आली नाही. तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये टाकीसाठी ते ॲसिड वापरलेलं नाही. त्याच्या नुसत्या वाफेने भिंतीवरचे पाने गंजतात.

खडीचं म्हणाल तर तिचा चुरा होतो आणि तो कोपऱ्यांत बसतो. सुटे नट टाकायचे तर मोजून टाका आणि मोजून काढा, एखादा हमखास अडकतो. मी बारीक कड्यांची लोखंडी साखळी वापरतो, दोन-अडीच फुटांची. शेवटच्या कडीला तार बांधून ती तोंडाबाहेर ठेवायची. साखळी एका ओढीत बाहेर येते.

मी वापरतो ते लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात किलोने मिळतं. ते गंजाला धरून पाण्यात विरघळवतं आणि चांगल्या लोखंडाला त्या मानाने फार हळू लागतं. बुलेटच्या साधारण साडेचौदा लिटरच्या टाकीला एक किलो पुरतं, म्हणजे लिटरला साठ-सत्तर ग्रॅम. आमच्या साखर कारखान्यांच्या भागात मळीच्या पाण्यात गंजके भाग बुडवून ठेवायची पद्धत आहे, एक भाग मळी आणि दहा भाग पाणी. तेही चालतं, पण एक-दोन आठवडे लागतात आणि टाकीतून तो चिकट गाळ काढणं जिकिरीचं होतं. सुट्या भागांना ठीक, टाकीला नको. बॅटरी चार्जर आणि धुण्याच्या सोड्याचं विजेचं तंत्रही आहे. टाकीत सोडलेल्या सळईच्या समोर असलेल्या भागावरच ते नीट काम करतं आणि टाकीच्या कोपऱ्यांत पोचत नाही, शिवाय हायड्रोजन वायू सुटतो. करायचंच असेल तर स्टेनलेसची सळई कधीही वापरू नका, तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात.

कामाला लागण्याआधी दिवस निवडा. तुमच्याकडे मार्च ते मे यांतला कडक उन्हाचा दिवस हवा. श्रावणात हे काम करू नका. आणि शेवटच्या टप्प्याला दुपारचे चार तास पूर्ण मोकळे ठेवा. असं का, ते पुढे सांगतो.

टाकी गाडीवरून उतरवा, जुनं पेट्रोल उघड्यावर काढा. ते गाडीत परत घालू नका आणि विहिरीजवळ, परसात ओतू नका. झाकण आणि कॉक काढून कॉकच्या जागी त्या आट्याचा बोल्ट रबरी वायसर लावून बसवा. रंगावर व्हॅसलीनचा थर द्या, तोंडाभोवती जरा जास्त, आणि वर प्लास्टिक गुंडाळा. लिंबूसत्वाचा ओघळ उन्हात वाळला तर रंगाची चमक जाते, आणि त्या सोनेरी रेघा पुन्हा तशा ओढणारा हात सहज मिळत नाही.

आता ज्या टप्प्यावर बहुतेकांचं काम फसतं तो. नऊ वर्षं राहिलेलं पेट्रोल उडून जाताना मागे डिंकासारखा चिकटा ठेवतं. टाकीतून जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत असेल तर तो हाच. ॲसिड, मग ते कुठलंही असो, या चिकट्याखाली पोचत नाही. लोक थेट लिंबूसत्व ओततात, दुसऱ्या दिवशी अर्धा गंज तसाच दिसतो आणि म्हणतात, घरगुती उपायात दम नाही. आधी अर्धा लिटर थिनर घाला, टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा, तासभर ठेवा, परत फिरवा, काढा. हे उघड्यावर, हातमोजे घालून. थिनर पूर्ण उडून गेल्यावर चांगलं गरम पाणी, मूठभर धुण्याचा सोडा आणि भांडी घासायचं लिक्विड घालून साखळीसकट दहा मिनिटं हलवा. एका माणसाचं काम नाही हे, टाकी जुन्या गोधडीत गुंडाळून दोघांनी धरा. पाणी काढा, पुन्हा तेच करा. खळखळून धुतल्यावर आतल्या पत्र्यावर पाणी सारखं पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन थांबत असेल तर चिकटा बाकी आहे, परत धुवा. माझ्याकडे एका टाकीला हे सात वेळा करावं लागलं होतं. इथे घाई केलेली पुढे भरून निघत नाही.

मग साखळी आणि थोडं पाणी घालून वीस मिनिटं चांगलं हलवा, बाजू बदलत. पापुद्रे इथेच निघतात. लाल पाणी येईल, मग चहासारखं, मग फिकट.

किलोभर लिंबूसत्व बादलीत हाताला सोसेल त्यापेक्षा थोड्या गरम पाण्यात विरघळवा आणि टाकी अगदी काठोकाठ भरा. अर्धी भरून हलवत बसू नका. छताचा गंज पाण्याखाली गेला नाही तर तो तसाच राहणार. तोंड घट्ट बंद करू नका, आत थोडा वायू सुटतो. जवळ विडी-सिगारेट नको. दर तीन-चार तासांनी बॅटरीने पाहत राहा. साधारण बारा तासांत काम होतं, जाड गंजाला चोवीस. पाणी गडद हिरवट-तपकिरी झालं आणि गंज बाकी असेल तर त्याच पाण्यात दोन दिवस ठेवण्यापेक्षा ताजं करा. विसरून आठवडाभर ठेवलं तर लिंबूसत्वही चांगला पत्रा खातं. पत्रा करडा दिसला की थांबा. चकचकीत होण्याची वाट पाहू नका.

इथून पुढे घड्याळाशी शर्यत आहे. घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा कोकमाने घासली की कशी झळकतात आणि ओली ठेवली की दुसऱ्या दिवशी कशी काळवंडतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. लोखंडाचं त्याहून वाईट. गंज निघालेला पत्रा उघडा असतो, त्याला तेलाचं किंवा कशाचंच कवच नसतं. ओला राहिला तर पाच-दहा मिनिटांत पिवळा पडायला लागतो. म्हणून सगळं सामान आधी मांडून ठेवा: खाण्याचा सोडा, दोन बादल्या गरम पाणी, हवा मारायचं साधन, टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये घालतात ते), पेट्रोल.

लिंबूसत्वाचं पाणी काढलं की लगेच गरम पाण्यात पाच-सहा चमचे खाण्याचा सोडा विरघळवून तो घाला आणि फिरवा. फेस येईल, तोंड बंद ठेवू नका. शिवणीत उरलेलं ॲसिड इथे मरतं, म्हणून पाच मिनिटं तरी सगळ्या बाजूंना पोचू द्या. मग जितकं गरम मिळेल तितक्या पाण्याने एकदा खळखळून धुवा. पाणी गरम असण्याला कारण आहे. पत्रा तापतो आणि पाणी ओतून टाकल्यावर स्वतःच्या उष्णतेने सुकायला लागतो. कॉकचा बोल्ट काढा, टाकी उन्हात ठेवा आणि वरच्या तोंडातून गरम हवा सोडा, कॉकच्या भोकातून ती बाहेर पडेल. केस वाळवायचा ड्रायर चालतो. अर्धा तास, टाकी दोन्ही पोटांकडे कलती करत.

इथे एक गोष्ट जीवाशी संबंधित आहे. काही जण पाणी ओढून घ्यायला शेवटी स्पिरिट किंवा ॲसिटोन फिरवतात. पद्धत चांगली आहे, पण त्यानंतर ड्रायर लावायचा नाही, कधीच नाही. आतल्या वाफेला ड्रायरची तापलेली तार पुरते. मी सांगितलेल्या पद्धतीत हवा मारताना टाकीत फक्त पाण्याचा ओलावा आहे, म्हणूनच ड्रायर चालतो.

पूर्ण सुकली की लगेच पाव लिटर पेट्रोलमध्ये शंभर मिली टू-टी ऑइल घालून आत ओता आणि प्रत्येक कोपरा, छत, शिवण, सगळीकडे फिरेल असं फिरवा. ड्रायर तोपर्यंत दूर नेऊन ठेवलेला असावा. हलका पिवळेपणा आला असेल तर घाबरू नका, तेलाने तो तिथेच थांबतो.

पण हे तेल फिरवण्याआधी, टाकी कोरडी असतानाच, गळती पाहून घ्या. अनेकदा भोक गंजानेच बुजलेलं असतं आणि साफसफाईनंतर उघडं पडतं. तोंड आणि कॉकची जागा बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा आणि बाहेरून साबणाचं पाणी लावा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी लावू नका. चौरस सेंटीमीटरला नुसत्या एक किलो दाबालाही एका चौरस फूट पत्र्यावर सव्वानऊशे किलोचा रेटा बसतो. टाकी फुग्यासारखी फुगते आणि रंगासकट आकार जातो.

बुडबुडा दिसला तर रेडिएटर-टाक्यांचं झाळकाम करणाऱ्या जुन्या कारागिराकडे न्या, आणि अजून पेट्रोल न घातलेली, धुतलेली टाकीच न्या. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, झाकण उघडं ठेवलं तरी आत बसून राहते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असलं की ठिणगीला स्फोट होतो. आमच्या भागात एका वेल्डरने महिनाभर रिकामी पडलेली टाकी थेट झाळायला घेतली होती. चेहरा आणि दोन्ही हात भाजले. चांगला कारागीर टाकी पुन्हा सोड्याच्या गरम पाण्याने धुतो आणि झाळायची जागा तेवढी सोडून बाकी पाण्याने भरून घेतो. तो हे न करता ज्योत पेटवायला लागला तर टाकी उचलून घरी या.

आतून इपॉक्सीचा लेप द्यावा का, हे लोक हमखास विचारतात. पत्रा शाबूत असेल तर माझं उत्तर नाही. लेप चांगला तयार केलेल्या पत्र्यावर, पूर्ण कोरड्या टाकीत, इथेनॉल सोसणारा असेल तरच टिकतो. नाहीतर दोन-तीन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात, आणि ते काढणं गंज काढण्याच्या दसपट त्रासाचं आहे. बारीक भोकं खूप असतील आणि झाळायलाही पत्रा उरला नसेल, तेव्हाच तो मार्ग.

टाकी बसवण्याआधी कॉक उघडून त्याची जाळी धुवा, रबर बदला. पेट्रोलची नळी नवी, इथेनॉलला चालणारी घ्या, जुनं रबर फुगून मऊ पडतं. बुलेटमध्ये पेट्रोल फक्त उताराने येतं, म्हणून मोटारीचा मोठा फिल्टर लावू नका, प्रवाह तुटतो आणि वेगात गाडी धापा टाकते. बाइकचा छोटा फिल्टर पुरे. मिककार्ब, म्हणजे तुमचा कार्बोरेटर, पूर्ण उघडा, पायलट आणि मेन जेट या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या दोन्ही पुंगळ्या काढून कॉम्प्रेसरने हवा मारा. जेटमध्ये पिन किंवा पोलादी तार घालू नका, भोक मोठं होतं. बुजलेलंच असेल तर वायरीतला तांब्याचा एक तंतू वापरा.

पहिल्यांदा टाकी पूर्ण भरा आणि पन्नास किलोमीटरनंतर बाउल उघडून पाहा. चिमूटभर लाल धूळ दिसेलच, ती कोपऱ्यांतली शेवटची. पुसा, परत दोनशेला पाहा. तिसऱ्यांदाही सारखाच चिखल येत असेल तर चिकट्याच्या टप्प्याला कुठेतरी घाई झाली आहे, आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करावी लागेल. झाकणाचं वायसर आजच नवं घ्या. यंदाच्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवता येणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. येणार नसेल तर मे संपताना ती पूर्ण रिकामी करून आत टू-टी ऑइल फिरवा आणि गाडी पडवीतून ओल न येणाऱ्या खोलीत हलवा.